बाबल हवालदार आणि विजयाचं तेल

बाबल्या, गावात सगळे मला बरोबर म्हणायला लागलेत आणि ते मला सहन होत नाही.

तुझं बारावं अजून व्हायचंय. तुझ्या खळ्यात, अंगणात, सतरंजी घातलीय. येणारा माणूस वहिनीशी दोन शब्द बोलतो, डोळे पुसतो आणि मग माझ्याकडे वळून म्हणतो, "वकीलानु, तुम्ही म्हणा होतास तांच खरा. गांजो मोकळो करूकच होयो. हवालदारांचे हाल बघवले नाय." हेच लोक रे! इतकी वर्षं माझ्या पाठीमागे मला 'गांजाड्यांचो वकील' म्हणणारे. तू असतास तर एकेकाला समोर उभा करून विचारलं असतंस, "काल सकाळपर्यंत तुझा मत काय होता?" मी वहिनीने दिलेला कोरा चहा घेतो आणि घरी येतो.

मला त्यांचा रागच येतो. आपलं भांडण मिटलेलं नाही, हे त्यांना काय ठाऊक? प्रतिपक्ष उठून गेला म्हणून दावा जिंकला असं होत नाही. लिहिताना मघाशी सवयीने 'मेल्या' लिहायला गेलो आणि हात थांबला. शाळेपासून तुला त्याच नावाने हाका मारत आलो. आता दुसरं काय म्हणू ते सुचत नाही.

आठवतं ना, तू पोलिसातून रिटायर झालास आणि मी कोर्टात जायचं कमी केलं, तेव्हापासून आपली बैठक आचऱ्याच्या खाडीवर. तू पागाचं जाळं घेऊन कमरेभर पाण्यात, मी काठावर तुझी चप्पल आणि मासळीची पाटी सांभाळत. पाग टाकायचा म्हणजे तोंड बंद ठेवायला हवं, नाहीतर मासळी बिथरते. आपल्याला ते कधी जमलं नाही. तू जाळ्याची एक कड दातात धरायचास, बाकीचं कोपरावर घ्यायचास आणि नेमका तेव्हाच मी माझा सगळ्यात जबरदस्त मुद्दा काढायचो, कारण दातात पाग असताना तुला उत्तर देता यायचं नाही. म्हणायचो, "दारूच्या दुकानाला लायसन देणारं सरकार एका झाडाच्या फुलाला घाबरतं कशाला? भांगेचं पान चालतं, गांजाचं फूल चालत नाही, हा काय कायदा झाला?" पाग फेकून झाला की तू वळायचास. "दारू मोकळी केल्यानी म्हणान लोक कमी पिऊक लागले काय रे? आणखी एक मोकळा सोडा म्हणतंस. तुझ्या कायद्याच्या पुस्तकात आवस खंय आसा ती माका दाखव."

आवस, म्हणजे आई. कोणती ते मला माहीत असायचं. गांजापायी डोकं फिरलेल्या पोराने घरातच कोंडून घातलेली एक बाई तू दार तोडून बाहेर काढली होतीस. त्या पोराला पुढे तूच रत्नागिरीला मनोरुग्णालयात पोचवलंस. ती गोष्ट तू दरवेळी सांगायचास. मग मी म्हणायचो की त्या पोराला डॉक्टर हवा होता, पोलीस नव्हे. तू म्हणायचास, "डॉक्टर खंय होतो? मीच होतंय." खरं होतं. शेजारी गोव्यात अधूनमधून कोणीतरी हे कायदेशीर करायची भाषा करतं, टीव्हीवर चार माणसं ओरडतात, आणि आपल्या महिनाभराच्या भांडणाची सोय व्हायची. एका गालात तंबाखूचा बार धरून तू दुसऱ्याच्या खिशातल्या गांजावर भाषण द्यायचास. त्यावरून मी तुझी किती टर उडवली. तेव्हा दोघेही हसलो, बाबल्या.

पण आपल्या भांडणाच्या तळाशी विलास होता, हे आपण दोघांनी कधी उघड म्हटलं नाही.

विलास देवबागचा. स्वतःची होडी, पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला न्यायचा. तुम्ही लोकांनी तपासणी केली तेव्हा त्याच्या होडीच्या फळीखाली गांजाची बॅग निघाली, आणि चांगली जड निघाली. तो सांगत राहिला, पाहुणे ठेवून गेले, संध्याकाळी नेतो म्हणाले. पाहुण्यांचं नाव त्याला सांगता येईना, फोन लागेना. स्वतः कधीमधी ओढायचा, तेही कोणीतरी सांगून टाकलं. बॅग शोधून काढणारा तू, आणि विलासचा वकील मी. या कायद्यात ज्याच्याकडे माल सापडला त्यानेच आपला निर्दोषपणा सिद्ध करायचा. मी पंचनाम्यात फट शोधत होतो आणि तू एक फट ठेवली नव्हतीस. पिंजऱ्यात तुझी उलटतपासणी घेताना मी मनातल्या मनात तुझे पाय धरत होतो, की बाबल्या, एकदा तरी 'नक्की आठवत नाही' म्हण. तू म्हणाला नाहीस. तुला सगळं आठवत होतं आणि सगळं खरं होतं. विलास कोल्हापूरच्या तुरुंगात गेला, त्याची होडी किनाऱ्यावर वाळूत कुजली, आणि तो आत असतानाच त्याची आई गेली.

तू खोटं बोलायला हवं होतंस, असं मी कधी म्हणालो नाही. आजही म्हणत नाही. ती बॅग त्याची नव्हती असं मी तुला शपथेवर सांगितलं असतं, पण मलाही ते फक्त त्याच्या तोंडूनच ठाऊक होतं.

मग तुझ्या गालात ती गाठ आली. सरकारने कर लावून, पुडीवर चित्र छापून, राजरोस विकलेली तंबाखू. हा मुद्दा आयता माझ्या हातात आला होता, आणि मी तो वापरला नाही. कोणाशी वापरणार? गोव्याच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, रेडिएशनचे लाईट झाले, आणि काही महिन्यांत कॅन्सर पुन्हा जबड्यात उतरला. दुखण्यावरच्या गोळ्या पोटात ठरेनात. नाकातून नळी घालू म्हणाले तर तू साफ नाही म्हणालास. बाहेरून दिसायला तू शांत. पण वहिनी सांगायची, "भावजीनु, रात्रभर खाटीचो खूर वाजता. ह्यांका वाटता माका झोप लागली हा."

आणि वहिनीने काय ठरवलं होतं, तर हा सगळा राखणदाराचा कोप.

तुमच्या भाताच्या मळ्यांच्या बांधावरचा तो दगड, शेत राखणारा देव. दरवर्षी राखण द्यायची, कोंबडा, रोट, दारू आणि चिलमीत चिमूटभर गांजा. मान तुमच्या घराचा. तू पोलिसात लागलास आणि त्याच वर्षी गांजा बंद करून तिथे विडीचं बंडल ठेवलंस. तुझ्या वडिलांनी तुझ्याशी बोलणं टाकलं, तर तू त्यांना सुनावलंस, "राखणदार झालो म्हणान काय कायद्याच्या भायर गेलो?" ही गोष्ट तू स्वतःच छाती फुगवून सांगायचास. वहिनी तेव्हा नवी नवरी होती. तिच्या मनात ते इतकी वर्षं बसून होतं. एक दिवस मला मागीलदारी बोलावून म्हणाली, "भावजीनु, तुमची सगळीकडे वळख आसा. थोडोसो गांजो गावता काय बघा. तेचो मान तेका मिळाल्याशिवाय ह्यांका उतार पडूचो नाय."

आता बघ माझी पंचाईत! जन्मभर त्याची वकिली केली आणि तो मिळतो कुठे, हे मला माहीत नव्हतं. कोणाला विचारू? माझ्या पक्षकारांना? आणि हवालदाराच्या बायकोसाठी हवाय म्हणून सांगू? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. दोन दिवस मी नुसता घरात येरझाऱ्या घालत होतो.

शेवटी कणकवलीच्या एका वैद्यांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, विजया म्हणून तेल येतं, पानांपासून केलेलं, परवान्याचं. वैद्याच्या चिठ्ठीवर रीतसर मिळतं. मी विचारलं, गुण येईल? ते सरळ म्हणाले, "आजार हटणार नाही. दुखणं थोडं कमी झालं, झोप लागली तर लागेल. खात्री देत नाही." एवढं कोणी खरं बोललं की मला बरं वाटतं. तेल आलं. छोटीशी बाटली, जिभेवर थेंब सोडायचे. मी ती वहिनीच्या हातात दिली आणि कसं द्यायचं ते दोनदा समजावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्याकडे येताना बांधावर बघतो तर राखणदाराच्या दगडावर तेलाचा ओघळ, वर कुंकू, आणि मुंग्या लागलेल्या. आवशीचो घो! वहिनीने अर्धी बाटली त्याच्या डोक्यावर ओतली होती. मी तणतणत घरात आलो. ती शांतपणे म्हणाली, "आधी तेचो मान. मगे ह्यांका." तू खाटेवर पडल्यापडल्या ऐकत होतास. तोवर तुझं बोलणं बोबडं झालं होतं, आम्हा दोघांनाच कळायचं. अर्ध्या तोंडाने हसत तिला म्हणालास, "राखणदाराकडे डॉक्टराची चिठ्ठी होती काय गो?"

तेवढं एकदा आपण तिघे पोट धरून हसलो. तुला हसतानाही दुखत होतं ते दिसत होतं, तरी तू थांबला नाहीस.

मग मी उरलेली बाटली पुढे केली. तू हातात घेतलीस, चष्मा मागितलास, बारीक अक्षर वाचलंस. सवय कुठे जाते? विचारलंस, "विजया म्हणजे गांजोच मां?"

म्हटलं, "पानांचो. कायद्यात बसता."

तू बाटली माझ्या हातात परत दिलीस. "ह्यां औषध, तर मगे विलास आत कित्याक गेलो?"

आणि मी बोलायला लागलो, बाबल्या. मी! पान वेगळं नि फूल वेगळं, परवाना वेगळा नि बॅग वेगळी, हेतू वेगळा, प्रमाण वेगळं. ज्या कलमांना मी जन्मभर शिव्या घातल्या त्यांचीच बाजू घेऊन तुझ्या खाटेशेजारी उभा राहिलो. विलासची शिक्षा कायद्याने योग्यच होती, इथपर्यंत बोलून गेलो. तू दोन थेंब घ्यावेस म्हणून काय वाटेल ते बोललो असतो. तू ऐकून घेतलंस. मग म्हणालास, "आता सरकारी वकील झालंस काय रे?" आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड केलंस.

मी रोज यायचो आणि रोज हरायचो. वहिनीने एकदा न सांगता पेजेत थेंब घातले. तू घोट तोंडात घेतलास, तसाच धरलास आणि टॉवेलात सोडून दिलास. तिच्याकडे नुसतं बघितलंस. ती चुलीपाशी जाऊन रडली, आणि पुन्हा तसं करणार नाही म्हणाली. त्यानंतर तुझं बोलणं साफ बंद झालं. पूर्वी तुझ्या दातात पाग असला की मी हवं ते बोलून घ्यायचो. आता तुला उत्तर देताच येत नव्हतं, तर माझ्याने मुद्दा काढवेना. शेजारी खुर्ची टाकून बसायचो. तुझ्या पायाची बोटं वळायची, सरळ व्हायची, पुन्हा वळायची. मी काय करू शकत होतो, सांग? बाटली कपाटावर होती, हात पोचेल एवढ्या अंतरावर. कायदा आड येत नव्हता. पैसा आड येत नव्हता. तू आड येत होतास.

म्हणून मी देवबागला गेलो. तुला न विचारता.

विलास आता दुसऱ्याच्या होडीवर कामाला आहे. किनाऱ्यावर बसून इंजिन उघडून काहीतरी दुरुस्त करत होता. केस पांढरे झालेत. मी सगळं सांगितलं. तो हात पुसत म्हणाला, "माका कित्याक नेतास, वकीलानु? मी काय सांगू तेंका?" मी म्हटलं, तू घ्या म्हणालास तर ते घेतील, तुझ्याच नावावर अडलंय. त्याने इंजिनाचं झाकण बसवलं. मग म्हणाला, "माझी आवस गेली तेव्हा हवालदार इल्ले. खांदो दिल्यानी. माका भायर इल्यावर शेजाऱ्यांनी सांगल्यानी."

हे मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत, खाडीवरच्या इतक्या संध्याकाळी, एकदाही तू बोलला नाहीस. 'आवस खंय आसा' म्हणून तू मलाच विचारत राहिलास, विलासच्या आवशीचं मात्र पोटात ठेवलंस. का रे? मला सांगितलं असतंस तर मी काय त्याचा मुद्दा केला असता? केला असता कदाचित.

विलास म्हणाला, "येतंय. पण मी काय बोलूचंय नाय." माझ्या स्कूटरवर मागे बसला. देवबागहून आचऱ्याला आलो.

दुपारची वेळ होती. वहिनीने त्याला पाणी दिलं, तो ते तसंच हातात धरून तुझ्या खाटेपाशी उभा राहिला. म्हणाला, "हवालदारानु, मी विलास." तू डोळे उघडलेस. तू त्याला ओळखलंस, त्यात मला तिळमात्र शंका नाही. तुझा तो हाडांचा हात वर आला. एक बोट तू त्याच्या छातीकडे केलंस, मग आपल्या छातीकडे, आणि मग पंजा उताणा करून हलवलास. काहीतरी विचारत होतास. पुन्हा तेच केलंस, जोर करून, कपाळाला घाम फुटेपर्यंत.

मी बघत होतो आणि मला कळत नव्हतं. दुसऱ्याच्या मनातलं ओळखून त्याच्या वतीने बोलायचं, यावर मी आयुष्यभर भाकरी खाल्ली, आणि तुझा एक प्रश्न मला कळेना! 'बरो आसस मां?' विचारत होतास? माफी मागत होतास? हे औषध घेऊ का, असं म्हणत होतास? की, देवा रे, अजूनही पोलीसच होतास, आणि 'ती बॅग तुझी होती काय, आता तरी खरं सांग' असं विचारत होतास?

विलास तुझ्याकडे बघत म्हणाला, "होय, हवालदारानु. होय."

 कशाला होय म्हणाला हा? त्याचा वकील म्हणून त्याला थांबवायला माझं तोंड उघडलं होतं, बघ.

तुझा हात खाली आला आणि तू तोंड उघडलंस. विलासने माझ्याकडून बाटली घेतली, तुझ्या जिभेवर थेंब सोडले, ओठांच्या कडेने ओघळले ते आपल्या बोटाने पुसले. थोड्या वेळाने तुझ्या पायाची बोटं वळायची थांबली. संध्याकाळी तू झोपलास. वहिनी दारात बसून होती, खाटेचा खूर वाजला नाही म्हणून तिला झोप येईना. पहाटे तू गेलास. ते थेंब लागू पडले, की तुझी घटकाच भरत आली होती, हे कोण सांगणार? वैद्यांना विचारलं, तेही म्हणाले, सांगता येत नाही. महिनाभर आधी घेतले असतेस तर काय झालं असतं, हा विचार मी करायचा नाही म्हणतो आणि दिवसभर तोच करतो. म्हणे, माझं बरोबर होतं. चुलीत घाला ते बरोबर!

विलासला त्या संध्याकाळी मी परत सोडलं. देवबागला उतरल्यावर न राहवून विचारलं, "विलास, ते काय इचारीत होते? तू होय कशाक म्हटलंस?"

तो म्हणाला, "माका पण कळला नाय, वकीलानु. पण इतको जीव तोडून माणूस इचारता, तर कोणीतरी होय म्हणाक नको?"

मी तिथेच होतो, बाबल्या. तुझ्या खाटेपासून हातभर अंतरावर. मला म्हणता आलं असतं. पण प्रश्न नीट कळल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही, ही कोर्टातली सवय, आणि मी गप्प उभा राहिलो.

आता म्हणतोय. तू काय विचारलंस ते मला अजून ठाऊक नाही. होय रे, होय.